रिकामी लिफ्ट

खेतवाडीत, चौथ्या मजल्यावर, झावबाकाकांच्या खोलीत
दोन आठशेतेरा व्हॉल्व्ह
त्यांच्या उजेडात पेपर वाचता येईल असे पेटलेले,
आणि खाली पत्र्याच्या पेटीत पाऱ्याचे दोन रेक्टिफायर.
पारा आधी तापू द्यायचा. मिनिटभर.
घाई केलीस तर आतल्या आत ठिणगी पडते,
असं म्हणून काका चष्मा पुसत बसायचे.
चोक दारूखान्यातला, कुठल्याशा तोडलेल्या बोटीचा.
कंडेन्सरच्या पितळेवर खार होता,
मी जिभेनं चाखून पाहिला.

मी अकरा वर्षांचा. लिफ्टवाल्या विसरामचा मुलगा.
वर बोलावलं होतं ते रागावून:
नऊ वाजता माझं कॅनरी बेटांशी जुळतं
आणि तुझा बाप नेमका तेव्हाच वागळेबाईंना वर आणतो.
मग राग टेबलावर ठेवून त्यांनी मीटर दाखवला.
दोन हजार व्होल्ट.
खाली जाळीचं दार खणकलं, मोटर गुरगुरली,
काटा वाकला. अठराशे चाळीस.
भार नसताना, काका म्हणाले,
सगळेच दोन हजार दाखवतात रे.

शिकवलं त्यांनी. एक हात खिशात.
प्लेटचं बटण हळू फिरव, करंट बुडी मारेल, तिथं थांब.
आता लोड उघड, केसभर.
बुडी वर सरकली? परत प्लेट.
जास्त ओढलंस तर ॲनोड लाल होईल,
तो बोलून दाखवत नाही, नुसता लाल होतो.
की दाबली की पारा जांभळा लकाकायचा,
डा डी डा डी, डा डा डी डा,
आणि मी मीटरकडेच बघत राहायचो.

कारण तिथं माझा बाप होता.
शाळेतून येणारी पाटकरांची पोरं: जेमतेम हलणं.
वागळेबाई आणि पिशवी: जरा जास्त.
पण सगळ्यांत खोल काटा जायचा
लिफ्ट रिकामी खाली येताना.
मागे लोखंडाचं वजन लोंबतं, काकांनी सांगितलं,
रिकामा पिंजरा त्याच्याविरुद्ध खाली ओढावा लागतो.
मला ते कळलं. नाहीही कळलं.
रात्री बाबांना सांगितलं.
ते स्टुलावरून उठले नाहीत, फक्त विचारलं,
"मी एकटो येतंय तां थंय वर कळतां?"

मग बटणांची लिफ्ट आली.
शेवटच्या दिवशी काका हवेत गेले नाहीत.
एरिअल काढून त्यांनी बल्बांची माळ जोडली
आणि की दाबून धरली.
लिफ्ट निघाली, बल्ब मंदावले. थांबली, उजळले.
साडेनऊपर्यंत असंच.
शेवटी एकदा बराच वेळ मंद.
चौथ्यावरून तळापर्यंत, रिकामी.
मग काकांनी सप्लाय बंद केला.
साठ मोज, म्हणाले, ब्लीडरमधून निथळू दे सगळं,
तोवर कशाला हात लावू नकोस.
मी चाळीसलाच रडलो, पण मोजत राहिलो.

आता विक्रोळीत, तेविसाव्या मजल्यावर,
माझा अॅम्प्लिफायर बिनकाचेचा.
वीतभर सप्लाय, पन्नास व्होल्ट.
बाहेर एकशेनव्वद असोत की अडीचशे,
पडद्यावर पन्नास पूर्णांक शून्य.
इमारतीत तीन लिफ्ट. कोण वर गेलं,
कोण एकटं उतरलं, आकड्याला पत्ता नाही.
ट्यूनिंगही तोच करतो, चार सेकंदांत, खट्खट् करत.
हे उत्तम आहे. मी तक्रार करत नाही.

फक्त काकांचा तो मीटर भिंतीच्या प्लगला
एका छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून लावून ठेवलाय.
सात वाजता पंप सुरू होतात, तेव्हा हलतो.
कधी अकरानंतरही हलतो, जरासा.
बायको विचारते, काय बघतोस.
मी म्हणतो, कोणीतरी आलं.